मर्यादित रकमेत लॅपटॉपची निवड : सभासदांनी घ्यावयाची काळजी



ऊस विकास विभागाचा आणि लॅपटॉपचा संबंध काय, असा प्रश्न काहींना पडेल. संबंध असा, की दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या गट ऑफिसात लागणीच्या नोंदीबरोबर हाही प्रश्न हमखास येतो. नोंद लिहून होते, सही होते, आणि सभासद उठता उठता विचारतो, "साहेब, पोरीला कॉलेजात लॅपटॉप लागतोय म्हणं. कुठला घेऊ? लई पैसं न्हाईत बघा." पंपाचा, ठिबकचा सल्ला आम्ही देतो, मग ऊसबिलातूनच होणाऱ्या या खरेदीबद्दल गप्प बसणे बरे नव्हे. म्हणून आमच्या खात्यातील संगणकावर काम करणाऱ्या मुलांना बरोबर घेऊन ही माहिती एकत्र केली आहे.

आधी हा खर्च उसाच्या भाषेत मोजू. सन २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये रास्त व किफायतशीर दर ठरविला. आपला उतारा, तोडणी-वाहतूक हे घटक वेगळे असतात, तरी ढोबळ हिशेब करू. लॅपटॉपला चाळीस हजार धरले तर तो सव्वाअकरा टन ऊस झाला. एकरी पंचेचाळीस टन पिकविणाऱ्या सभासदाच्या दहा गुंठ्यांतला हा ऊस. आडसाली असेल तर दीड वर्षाची पाणीपाळी, भांगलण, खत, सगळे त्यात आले. एवढा माल आपण एका पिशवीत घालून घरी आणतो, तेव्हा बेणे निवडताना जेवढी नजर लावतो तेवढी तरी येथे लावलीच पाहिजे.

आधी काम, मग यंत्र

जमीन न बघता जात निवडणारा शेतकरी फसतो. को ८६०३२ चांगली की फुले २६५, या वादाला जमीन बघितल्याशिवाय अर्थ नाही. क्षारपड रानात २६५ तग धरेल, उताऱ्याच्या दृष्टीने ८६०३२ ला तोड नाही. लॅपटॉपचेही तसेच आहे. "सगळ्यात चांगला कुठला?" हा प्रश्नच चुकीचा. "कशासाठी पाहिजे?" हा खरा प्रश्न.

घरात सात-बारा काढणे, ई-पीक पाहणी करणे, महाडीबीटीवर अर्ज भरणे, उसाचे वजन व बिल पाहणे, एवढेच काम असेल तर लॅपटॉप घेऊ नये. ही कामे मोबाईलवर होतात, आणि एखाद्या अर्जाला मोबाईल कमी पडला तर सेवा केंद्र आहे. शाळकरी मुलालाही स्वतंत्र लॅपटॉपची गरज सहसा नसते. गरज खरी लागते ती पदविका, अभियांत्रिकी, संगणक, वाणिज्य, औषधनिर्माण अशा शिक्षणाला गेलेल्या मुला-मुलींना, किंवा घरात कोणी हिशेबाचे, लिखाणाचे, चित्रांचे काम करून चार पैसे मिळविणार असेल तर.

या बाबतीत आपल्या वारणा खोऱ्याजवळच एक मोठा धडा आहे. १९९८ मध्ये येथे 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावांना संगणकाने जोडण्याची ती योजना होती आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तिची उभारणी केली. गावोगाव संगणक केंद्रे झाली. ऊसनोंद, वजन, बिल ही माहिती शेतकऱ्याला गावातच मिळू लागली, आणि कागदासाठी कारखान्यापर्यंतचा हेलपाटा वाचला. देशात त्या काळी याचे मोठे नाव झाले, आणि ते योग्यच होते.

पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च या संस्थेच्या बंगळूर येथील अभ्यासकांनी या केंद्रांची पाहणी केली. तेव्हा ५४ गावांत अशी केंद्रे होती. त्यांच्या लक्षात आले, की योजना आखताना बाजारभाव, शेतीसल्ला अशी पुष्कळ कामे मनात धरली होती, पण प्रत्यक्षात संगणकावर बहुतेक काम चालते ते उसाच्या नोंदी, वजन, खत आणि बिल यांचेच. एवढ्या कामाला अख्ख्या संगणकाची गरज नव्हती. म्हणून त्यांनी सात गावांत आठ महिने साध्या मोबाईलवरून, एसएमएसने तेच काम करून पाहिले. काम सगळे झाले, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही ते सोयीचे वाटले.

याचा अर्थ आधीचा संगणक वाईट होता असा नाही. ज्या काळात गावात मोबाईल नव्हते त्या काळात तोच रस्ता होता. अर्थ एवढाच, की काम नीट ओळखले म्हणजे योग्य आणि स्वस्त साधन आपोआप समोर येते. हा धडा आपल्याच परिसरात मिळाला आहे, तो आपण विसरू नये.

फार स्वस्तही परवडत नाही

दुसऱ्या टोकाचे उदाहरणही सांगितले पाहिजे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' नावाचा टॅबलेट आणला. किंमत सव्वादोन हजारांच्या आसपास. जगातला सर्वांत स्वस्त म्हणून त्याचा बोलबाला झाला. पण आत इंजिन छोटे, मेमरी फक्त २५६ एमबी, पडदा बोटाने जोरात दाबावा तेव्हा समजणारा, आणि बॅटरी थोड्या वेळात बसणारी. मुलांनी हातात घेतला आणि तक्रारी सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी सुधारलेला 'आकाश २' आणावा लागला.

हेतू चांगला होता, परंतु कामाला न पुरणारे साधन स्वस्त नसते, ते फुकट गेलेले असते. तीन अश्वशक्तीचे पाणी लागते तेथे एक अश्वशक्तीची मोटर बसविली तर मोटरही जळते आणि ऊसही वाळतो. बाजारात आजही वीस-पंचवीस हजारांच्या आत नवे, चकचकीत लॅपटॉप दिसतात. त्यांतील बरेचसे या जातीचे असतात. ते कसे ओळखावे, हे पुढे दिले आहे.

पाच अवयव समजून घ्या

लॅपटॉपच्या खोक्यावर पुष्कळ मजकूर असतो. त्यातील पाच गोष्टी वाचता आल्या म्हणजे निम्मे काम झाले.

(१) प्रोसेसर, म्हणजे इंजिन. इंटेल आणि एएमडी या दोन कंपन्यांची इंजिने बहुतेक लॅपटॉपमध्ये असतात. इंटेलमध्ये सेलेरॉन, पेंटियम, 'एन' अक्षराने सुरू होणारी, ही लहान इंजिने. पॉवर टिलर समजा. टायपिंग, इंटरनेट, व्हिडिओ पाहणे एवढे होते. त्यावर नांगरट करू नये. आय-थ्री, आय-फाईव्ह ही ट्रॅक्टरच्या जातीची. अलीकडे इंटेलने 'आय' अक्षर काढून नुसते कोअर ३, कोअर ५ असेही नाव ठेवले आहे. एएमडीमध्ये रायझन ३, रायझन ५ हे त्यांच्या तोडीचे.

परंतु नुसत्या 'आय-फाईव्ह' या बिल्ल्यावर जाऊ नका. येथेच माणूस फसतो. पिढी महत्त्वाची. आय-फाईव्ह ६२०० यू हे सहाव्या पिढीचे, २०१५ सालचे इंजिन. त्यात दोनच गाभे. आय-थ्री १२१५ यू हे बाराव्या पिढीचे. त्यात सहा गाभे. नावाने लहान असलेला आय-थ्री येथे नावाने मोठ्या आय-फाईव्हला सहज मागे टाकतो. आकड्यातले सुरुवातीचे एक किंवा दोन अंक पिढी सांगतात : ८२५० म्हणजे आठवी, १२१५ म्हणजे बारावी. एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा अंक पाहावा. रायझन ५ ७५२० यू मध्ये तिसरा अंक २ आहे, म्हणजे आतली रचना २०१९ सालची. ७५३० यू मध्ये तो ३ आहे, म्हणजे त्यानंतरची. दुकानदार दोन्हीला 'रायझन फाईव्ह, सात हजार सीरिज' असेच सांगतो. खोटे नाही सांगत, पण पुरते खरेही नाही.

(२) रॅम, म्हणजे काम मांडायची जागा. कारखान्याच्या यार्डात जागा किती यावर एका वेळी गाड्या किती उभ्या राहतील ते ठरते. गाळपाची ताकद असली तरी यार्ड लहान असेल तर गाड्या रस्त्यावर खोळंबतात. रॅमचे तसेच. आज ४ जीबी रॅमचा लॅपटॉप घेऊ नये, कोणी कितीही स्वस्त दिला तरी. ८ जीबी ही किमान पातळी. अभियांत्रिकीच्या मुलाला १६ जीबी असावी. येथे एक प्रश्न जरूर विचारा : "रॅम पुढे वाढवता येते का? आत मोकळा स्लॉट आहे का?" काही यंत्रांत रॅम पाटीला कायमची डाग देऊन बसविलेली असते; ती जन्मभर तेवढीच राहते. स्लॉट असेल तर आज आठवर भागवून दोन वर्षांनी, एका बिलात, आणखी आठ घालता येतात. मात्र २०२५ च्या अखेरीस जगभर मेमरीचे भाव बरेच चढले. तेव्हा आत्ता घालण्याचा आणि नंतर घालण्याचा, दोन्ही दर त्याच दिवशी विचारून मगच निर्णय करावा.

(३) साठवण, म्हणजे गोदाम. जुनी पद्धत हार्ड डिस्कची. तिच्यात तबकडी फिरते, त्यामुळे ती सावकाश चालते आणि धक्क्याला नाजूक असते. नवी पद्धत एसएसडी. तिच्यात हलणारा भाग नाही. मोटरसायकलवर पाठीला पिशवी लावून कच्च्या रस्त्याने जाणाऱ्या आपल्या मुलांना एसएसडीच योग्य. १ टीबी हार्ड डिस्कपेक्षा २५६ जीबी एसएसडी केव्हाही चांगली. ५१२ मिळाली तर उत्तम. ईएमएमसी नावाची तिसरी जात अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये असते, बहुधा ६४ जीबीची. ती लगेच भरते आणि बहुतेक वेळा बदलताही येत नाही. ईएमएमसी हा शब्द दिसला की खोके खाली ठेवा.

(४) पडदा. मूल त्याच्याकडे रोज चार-सहा तास पाहणार आहे. १३६६ बाय ७६८ चा पडदा जुना, अक्षर खरबरीत. १९२० बाय १०८०, ज्याला फुल एचडी म्हणतात, तो घ्यावा. आयपीएस जातीचा पडदा बाजूने पाहिला तरी रंग बदलत नाही. दुकानात पडदा थोडा तिरका करून पाहा. चित्र काळपटले किंवा पांढुरके झाले तर तो हलका पडदा समजावा. रोज बसने जा-ये करणाऱ्याला १४ इंची बरा, वसतिगृहात एका जागी राहणाऱ्याला १५.६ इंची.

(५) बॅटरी. "आठ तास चालते" या बोलण्याला अर्थ नाही. बॅटरीवर वॅट-अवर हा आकडा असतो, तो विचारा. साधे लिखाण-वाचन करताना लॅपटॉप आठ-दहा वॅट घेतो. म्हणजे ४२ वॅट-अवरची बॅटरी चार ते पाच तास जाईल. गावात वीज केव्हा जाईल हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून चाळीसच्या खाली जाऊ नये.

गेमिंग, ग्राफिक्स आणि मुलांचा हट्ट

मुले म्हणतात, "बाबा, ग्राफिक्स कार्डवाला घ्या, अभ्यासाला लागतो." कधी खरेच लागतो, कधी खेळायला लागतो. त्रिमितीय आराखडे, व्हिडिओचे काम, संगणक शाखेतील काही विषय यांना ग्राफिक्स कार्डचा उपयोग होतो. वाणिज्य, कला, विज्ञान शाखेला तो नको. ग्राफिक्स कार्ड आले की वजन वाढते, बॅटरी लवकर उतरते आणि किंमत एकदम पाच-सहा टन उसाने पुढे जाते.

अभियांत्रिकीला प्रवेश झाल्या झाल्या धावपळ करू नये, असे आमचे मत आहे. कॉलेजात संगणकाची प्रयोगशाळा असते. पहिले एक-दोन महिने जाऊ द्या. त्याच शाखेतील दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना विचारा, की कोणते सॉफ्टवेअर वापरता आणि कोणत्या यंत्रावर चालते. उदाहरणार्थ सॉलिडवर्क्स हे यंत्र शाखेतील सॉफ्टवेअर विंडोजसाठीच आहे. अशा मुलाला स्वस्त म्हणून क्रोमबुक घेऊन दिले तर ते शोभेला ठेवावे लागेल. क्रोमबुक वाईट नाही. इंटरनेट चांगले असलेल्या घरी लिखाण-वाचनाला ते पुरते. पण काम पाहून.

आणखी एक सांगावेसे वाटते. मुलाला नवा आणि मुलीला त्याचा वापरलेला, अशी वाटणी काही घरांत होते. ज्याचे शिक्षण जास्त मागते त्याला चांगले यंत्र, हा हिशेब ठेवा. ती मुलगी असेल तर तिला. रान वाटताना आपण ओढ्याकाठचे रान कोणाला हे माणूस पाहून ठरवत नाही, पीक पाहून ठरवतो.

विंडोज, ऑफिस आणि मराठी

यंत्रात आधीच अस्सल विंडोज ११ घातलेले असेल तर तसे बिलात लिहून घ्यावे. काही लॅपटॉप विंडोजशिवाय, थोडे स्वस्त मिळतात; त्यावर उबंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली चालते. मुलाला ते येत असेल किंवा कॉलेजात शिकवीत असतील तरच घ्यावे. "मी चोरून टाकून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. अशा विंडोजमधून व्हायरस घरात येतो, आणि त्याच लॅपटॉपवर मूल बँकेचे काम करीत असते.

लिखाण व हिशेबासाठी लिब्रेऑफिस हे संपूर्ण मोफत आहे. अनेक महाविद्यालये विद्यार्थ्यांना मायक्रोसॉफ्टचे ऑफिस वापरायला देतात, ते आधी विचारावे. ऑटोकॅड बनविणारी ऑटोडेस्क कंपनीही विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी सॉफ्टवेअर विनामूल्य देते. मराठी लिहिण्यासाठी युनिकोडची कळफलक-सोय विंडोजमध्ये आतच असते. या सगळ्यासाठी दुकानात "पॅकेज" म्हणून तीन-चार हजार मागितले तर देऊ नका.

जुना घ्यावा का?

पैसे फारच कमी असतील तर वापरलेला लॅपटॉप हा चांगला मार्ग आहे. पण वडगावच्या बाजारात बैल घेताना दात, खूर, चाल बघतो तसा बघून. मोठ्या कंपन्या आपल्या कामगारांना दिलेले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी काढून टाकतात. डेल लॅटिट्यूड, लेनोव्हो थिंकपॅड, एचपी एलिटबुक ही त्यांतील नावे. हे मजबूत असतात, आणि नव्या हलक्या यंत्रापेक्षा त्याच पैशांत जास्त काम देतात.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. विंडोज ११ ला इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासून पुढचे, आणि लॅपटॉपमधील एएमडी रायझनचे ३००० मालिकेपासून पुढचे इंजिन लागते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे हजारो लॅपटॉप कंपन्यांनी काढून बाजारात आणले, आणि ते "आय-फाईव्ह, फक्त इतक्याला" असे सांगून विकले जातात. ते चालतात, दिसायलाही चांगले असतात. पण सुरक्षेच्या दृष्टीने त्यांचे खोडवे संपलेले आहे. तिसऱ्या खोडव्याचा फड कोणी लागणीच्या भावाने विकत घेईल का?

जुना घेताना एवढे तपासा :

— आठवी पिढी किंवा पुढची आहे ना.
— विंडोजमधून 'बॅटरी रिपोर्ट' काढून घ्या. मूळ क्षमता आणि आजची क्षमता त्यात लिहिलेली असते. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करा.
— बिजागऱ्या पाच-सहा वेळा उघडझाप करून पाहा. कळफलकाची प्रत्येक कळ दाबा. कॅमेरा, आवाज, वायफाय, यूएसबीची सगळी छिद्रे चालवून पाहा.
— अर्धा तास चालू ठेवा. फार तापतो का, पंख्याचा आवाज घरघरतो का, ते पाहा.
— यंत्र सुरू होताना आधीच्या कंपनीचा पासवर्ड किंवा नाव येत असेल तर हात जोडून परत द्या.
— बिल, अनुक्रमांक आणि निदान काही महिन्यांची लेखी हमी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

पैसे कोठून आणि केव्हा

आपली अडचण अशी, की उसाचे बिल येते थंडी-उन्हाळ्यात आणि कॉलेजचे प्रवेश होतात पावसाळ्यात. नेमक्या त्याच वेळी आडसालीची लागण असते. बेणे, खत, मजुरी यांना पैसा लागतो. म्हणून ज्या घरात मूल पुढच्या जूनमध्ये बारावी पार करणार आहे त्यांनी फेब्रुवारी-मार्चच्या बिलातून दहा गुंठ्यांचे पैसे बाजूला काढून बँकेत ठेव म्हणून ठेवावेत. त्याला हात लावू नये.

पीक कर्जाच्या पैशातून लॅपटॉप घेऊ नये. ते पैसे उसाचे आहेत. खताचा एक हप्ता चुकला की पुढच्या बिलात त्याची किंमत दिसते, आणि मुदतीत परतफेड चुकली तर व्याजाची सवलतही जाते. शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर बँकेला विचारा. अभ्यासक्रमासाठी आवश्यक असल्यास संगणकाची रक्कम त्या कर्जात धरता येते.

हप्त्याने घेणाऱ्यांनी "शून्य टक्के व्याज" या पाटीला भुलू नये. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट बजावले, की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. व्याज कोठेतरी लपविलेले असते. रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही, वर प्रक्रिया शुल्क लागते. म्हणून एकच प्रश्न विचारा : "रोख किती? आणि सगळे हप्ते, सगळे शुल्क मिळून किती?" दोन आकड्यांतील फरक म्हणजे व्याज, मग त्याला नाव काहीही देवोत.

बिल, हमी आणि घरची वीज

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. "बिल नको असेल तर कमी करतो" असे कोणी म्हणाले तर उठून यावे. बिलावर यंत्राचा अनुक्रमांक असला पाहिजे. हमीचा आधार तोच. हमी घरी येऊन दुरुस्तीची की यंत्र नेऊन देण्याची, आणि सेवा केंद्र कोल्हापुरात आहे की पुण्याला, हे आधी विचारा. पडून फुटले, पाणी सांडले तर साधी हमी लागू होत नाही. चार्जरवर बीआयएस नोंदणीची खूण पाहा; विनाखुणेचा स्वस्त चार्जर म्हणजे घरात विस्तव.

ऑनलाईन स्वस्त दिसले तर विकणारा कोण ते वाचा, आणि खोके उघडताना मोबाईलवर चित्रीकरण करा. आणल्यावर घरच्या बोर्डाला नीट आर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. वळवाचा कडकडाट सुरू झाला की चार्जर काढून ठेवावा. मोटर जळाली तर रिवाइंडिंग होते. लॅपटॉपची पाटी जळाली तर बहुधा नवीनच घालावी लागते.

कोणाला काय पुरे

कला, वाणिज्य, साधा हिशेब : आय-थ्री बारावी पिढी किंवा त्या तोडीचे रायझन ३, रॅम ८ जीबी, एसएसडी २५६ ते ५१२ जीबी.

पदविका, अभियांत्रिकी, संगणक : आय-फाईव्ह किंवा रायझन ५, नवीन पिढी, रॅम १६ जीबी किंवा ८ जीबी व मोकळा स्लॉट, एसएसडी ५१२ जीबी. ग्राफिक्स कार्ड शाखा पाहून.

पैसे अगदी बेताचे : कंपनीतून निघालेला, आठव्या पिढीपुढचा, रॅम ८ जीबी, एसएसडीचा जुना लॅपटॉप, तपासून, बिलासह.

तिन्हीत न बसणारे, ४ जीबी रॅमचे, ईएमएमसीचे किंवा हार्ड डिस्कचे नवे यंत्र : कोणालाही नको.

चांगले निवडलेले यंत्र चार-पाच वर्षे जाते, म्हणजे मुलाचे किंवा मुलीचे पूर्ण शिक्षण त्यावर निघते. चुकीचे निवडलेले सहा महिन्यांत कोपऱ्यात पडते, आणि घरात बोलणी होतात ती वेगळीच. बाप म्हणतो पोरगं वापरत नाही, पोरगं म्हणतं चालतच नाही. दोघेही खरे बोलत असतात. दोष निवडीचा असतो.

तरी सभासदांनी दुकानात पहिल्याच दिवशी पैसे देऊ नयेत. यंत्राचे नाव, इंजिनाचा पूर्ण आकडा, रॅम, एसएसडी, पडदा, बॅटरी आणि किंमत एवढे कागदावर लिहून आणावे. घरातील शिकणाऱ्या मुला-मुलीला बरोबर घेऊन, लागणीच्या नोंदीला किंवा माती परीक्षणाच्या कामाला याल तेव्हा तो कागद गट ऑफिसात दाखवावा. आम्ही आणि खात्यातील मुले तो वाचून यंत्र कामाला पुरते की नाही हे सांगू. कोणत्या दुकानातून घ्या हे मात्र सांगणार नाही. ते आपले आपण ठरवावे.

कळावे,

ऊस विकास अधिकारी